दोन बोटांची थाप

रुदा, ७ जानेवारी २०१८

अल्डोना,

पापडी पोचली. दरवर्षीसारखीच मुकी. पाकिटात चिठ्ठी नाही, मागे नाव नाही, तुझ्या गदीन्याचा टपालशिक्का तेवढा. अगं, नाताळची पापडी माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या हातातली मोडून खातात, आणि मोडताना निदान ‘झालं गेलं विसर’ एवढं तरी पुटपुटतात. तुझी ही टपालातली पापडी मी कुणाबरोबर मोडू? गेल्या वर्षी शेजारणीच्या सशांना घातली. ती म्हणाली, जनावरांसाठी गुलाबी पापडी मिळते, पांढरी घालणं पाप आहे. म्हटलं, ज्या बाईने पाठवलीय तिच्या नावावर मांडा ते पाप.

यंदा पहिल्यांदाच उलट लिहितेय, ते पापडीसाठी नाही. तोरुनच्या आयोजकांनी पोस्टर पाठवलंय, दहा फेब्रुवारीचं. पिंजऱ्यातल्या लढतींचा बायकांचा राष्ट्रीय पट्टा सध्या रिकामा आहे, विजेती कुणीच नाही. त्यासाठी एका बाजूला माझी योविता आणि दुसऱ्या बाजूला नेला नावाची कुणी पोरगी, गदीन्याची. पोरी एकमेकींकडे डोळे वटारून बघतायत. खाली बारीक अक्षरांत त्यांच्या प्रशिक्षकांची नावं आहेत, तुझं आणि माझं. इतक्या वर्षांनी आपण पुन्हा एका कागदावर आलो.

म्हणजे त्या दिवशी पिंजऱ्याच्या दोन टोकांना आपण दोघी उभ्या असणार. त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. कातोवित्सेच्या सामन्यात, तिसऱ्या फेरीत, तू हार मानल्याची थाप मारलीस की नाही?

तुला आठवण करून द्यायला नको, तरी देते. ‘मी शर्थीने निसटले’ असं तू मुलाखतींतून इतक्यांदा सांगितलंयस की आता तुलाही ते खरं वाटत असेल. पट्टा माझा होता. मी तुझ्या पाठीवर होते, माझा हात तुझ्या हनुवटीखाली गळ्याभोवती नीट बसला होता. तुझे दोन्ही हात माझ्या मनगटाला धरून. पंच आपल्या पायांकडे उभा. आणि माझ्या हातावर तुझी दोन बोटं लागली. टक टक. मी हात सोडला. पंचाने पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी काही झालंच नव्हतं. मी त्याच्याकडे बघून ‘अहो, संपलं’ म्हणतेय, तोवर तू उलटून वर बसलीस आणि माझ्या तोंडावर ठोसे घातलेस. पट्टा गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की विजेतीचा हात दमला.

दोन बोटांचा अर्थ जगात दोनच माणसांना ठाऊक, त्यामुळे मला कुणाला सांगताही आलं नाही. सगळे लोक हार मानताना तळहाताने धाडधाड थाप मारतात, बहिऱ्याला ऐकू जाईल अशी. आपली ही खूण आली ती वस्तादांच्या धाकातून. अलोइझ वस्तादांना लवकर थाप मारणारा माणूस नजरेसमोर नको असायचा. “खाणवाल्यांच्या पोरी ना तुम्ही? वरून छत आलं तर त्याला काय थापा मारणार?” अख्ख्या आखाड्यात बायका दोनच, म्हणून रोज जोडी आपलीच. आणि रोज गळे आवळून घ्यायचे म्हणजे दुसऱ्या दिवशी कामावर गिळता येईना. तेव्हा तूच काढलीस ती युक्ती. गुपचूप दोन बोटं टेकवायची, दुसरीने लगेच सोडायचं, आणि पहिलीने जणू आपल्या ताकदीने सुटल्यासारखं उसळून वर यायचं. वस्ताद खूश. किती वर्षं केलं आपण हे. माझ्या डोक्याला जे पाठ नव्हतं ते हाताला पाठ झालं होतं.

हो किंवा नाही, एवढंच लिही. कारणं नकोत.

ब्रिगिडा


रुदा, २१ जानेवारी

अल्डोना,

पालथ्या घड्यावर पाणी. वाटलंच होतं.

उत्तर आलं नाही, पण तुझा फोटो आला, तोही क्रीडापानावर. खाली लिहिलंय, ‘पोलंडची पहिली महिला विजेती अल्डोना कान्या आता आपल्या शिष्येला पट्ट्यासाठी तयार करतेय.’ पहिली? त्या पत्रकाराचं वय बघता तो तेव्हा शाळेत असणार, त्याला मी माफ करते. तू त्याच्यासमोर बसून चहा पीत होतीस ना? ‘अहो, माझ्या आधी एक होती’ म्हणायला जीभ रेटली नाही?

पहिली मी. सोस्नोवियेत्सच्या त्या डिस्कोत आपल्याला पुरुषांच्या दोन सामन्यांच्या मध्ये घातलं होतं, लोकांनी तेवढ्यात बिअर आणि भाजलेला सॉसेज आणावा म्हणून. माइकवाला म्हणाला होता, आता जरा डोळ्यांना विरंगुळा. तू माझं नाक फोडलंस, मी तुझी भुवई. त्यानंतर सॉसेजच्या रांगेत एक माणूस उरला नाही. पहिल्या स्पर्धेत पुरुषांना चषक मिळाला आणि मला केस वाळवायचं यंत्र. तू दुसरी आलीस म्हणून तुला केस कुरळे करायचं. परतीच्या गाडीत आपण हसून हसून बेजार झालो, कारण दोघींची डोकी भादरलेली.

आणि पट्टा. तो पुरुषांच्या मापाचा निघाला, माझ्या कमरेवरून घसरून गुडघ्याशी आला. चांभाराकडून नवं भोक पाडून आणलं तेव्हा माझ्याबरोबर कोण आलं होतं? टीव्हीवाल्याने विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? मी ततपप करत होते, तर तू मागून ओरडलीस, “वस्ताद करतात, आणि भांडीही तेच घासतात.” वस्ताद आठवडाभर बोलले नाहीत आपल्याशी. हे सगळं तुला माहीत आहे. म्हणूनच ‘पहिली’ हा शब्द वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कातोवित्सेनंतर मी तीन सामने लढले, दोन हरले, मग गुडघा गेला. आता खाणीच्या जुन्या न्हाणीघरात पोरी शिकवते. छतापासून अजून कपडे टांगायच्या साखळ्या लोंबतात, पोरी त्यांना हातमोजे अडकवतात. बाजारात अजून कुणीतरी म्हणतंच, ही ती, जिने हात सोडला. भाजीवालीसुद्धा पिशवी देताना म्हणते, घट्ट धरा हं. तिला वाटतं विनोद झाला.

तेव्हा माझ्या आखाड्यात नियम एकच आहे. पंच ओढून काढत नाही तोवर सोडायचं नाही. थाप बसो, किंकाळी येवो, पोरगी देवाचा धावा करो. पण योविताचा हात ऐकत नाही. सरावात समोरचीने थाप मारली की आपसूक सुटतो, लोण्यात सुरी फिरवावी तसा. मी ओरडते, पंचाने सांगितलं का? ती म्हणते, “मावशी, पण तिला दुखत होतं ना.” म्हणून आता मी सरावातही नियम केलाय. मी खांद्याला हात लावेपर्यंत धरून ठेवायचं. दोन पोरींनी यायचं बंद केलं. एकीची आई दारात येऊन मला कसाईण म्हणून गेली.

हे तुझ्यामुळे. वाच आणि चहा पी.

ब्रिगिडा


रुदा, १ फेब्रुवारी

अल्डोना,

ऐक. खुर्चीवर बसून वाच.

काल वस्तादांकडे गेले होते. पाय सुजलेत त्यांचे, तरी शिडी चढून कबुतरखान्यात जातात. मी खाली शिडी धरून उभी. ते वर कबुतरांना दाणे टाकतायत आणि तिथूनच माझी हजेरी घेतायत. योविताचा सराव बघून आले होते ना. म्हणाले, पोरीला बिघडवलंस, आता ती गळा धरते तेव्हा गळ्याकडे लक्षच नसतं, तुझ्याकडे बघत बसते.

मी म्हटलं, वस्ताद, मी सोडला म्हणून काय झालं ते तुम्ही पाहिलंत ना?

तर म्हणाले, “पाहिलं की. तिने दोन बोटं मारली, तू सोडलास.”

मी विचारलं, तुम्हाला काय माहीत दोन बोटं? ते उतरले, सावकाश, एकेक पायरी शिव्या घालत. म्हणाले, “कार्टे, मी आंधळा होतो का? पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तुम्हा दोघींना वाटायचं वस्तादाला उल्लू बनवतोय. तुमचे गळे शाबूत राहत होते, म्हणून मी बनत होतो.”

मग कातोवित्सेला का नाही बोललात, विचारलं. कोपऱ्यात माझ्याच होतात, पंचाला का नाही सांगितलंत? तर खांदे उडवले. पंचाने पाहिलं नाही ते झालं नाही म्हणे. आणि वर, “तू सोडलास ही तुझी चूक. तिने काय केलं? तुम्ही रोज करत होता तेच. बोटं मारायची आणि उसळून वर यायचं. तू सवयीने सोडलंस, ती सवयीने उसळली.”

आठ वर्षं, अल्डोना. आठ वर्षं हा म्हातारा मूग गिळून बसला होता, आणि मी त्याच्या गुडघ्यांना मलम चोळत होते. मी चिडून निघाले तर मागून हाक मारून सांगतो, शिडी जागेवर ठेव.

रात्रभर त्याच वाक्याने छळलं. मानलं, पहिली उसळी सवयीची होती. चल, तेवढी दिली तुला. पण उसळल्यावर तू वर बसलीस, माझं तोंड पाहिलंस. मी हात पसरून पंचाशी बोलत होते. तेव्हा तरी कळलं असेल ना? पहिला ठोसा सवयीचा, दुसराही सवयीचा, मग तिसरा? आणि दुसऱ्या दिवशी? आणि पुढच्या नाताळात? पापडी पाकिटात घालताना हात थांबला नाही तुझा?

की तुलाच कळलं नव्हतं आपण बोटं मारली ते? हा विचार माझ्या मनात आजवर आला नव्हता आणि आता जात नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतोय. मी इतकी वर्षं एका चोरावर डाफरत होते. ती चोर नसेल तर मी काय करत होते?

लिही काहीतरी. शिवी लिही.

ब्रि.


रुदा, ८ फेब्रुवारी, खादाड गुरुवार

अल्डोना,

हे पत्र तोरुनच्या आधी पोचावं म्हणून जलद टपालाने टाकतेय. थोडक्यात सांगते.

आज योविता पहाटेपासून बेकरीत गुलाबाच्या मुरंब्याचे डोनट तळतेय. गल्लीच्या टोकापर्यंत रांग आहे. ईस्टरआधीचे उपास लागणार म्हणून अख्खा देश आज तोंड भरून खाणार आणि उद्या सामन्यासाठी हिचं वजन होणार. तळणाऱ्या पोरीला तोंडात घालता येत नाही. दुपारी तिला बघून आले. कोपरापर्यंत साखर लागलेली आणि ओठ मिटून घट्ट. मी विचारलं, चाटलीस का बोटं? रडायलाच लागली. तुझ्या नेलाचं वजन बसलं असेलच, तुम्ही समुद्रावरचे लोक मासे खाता.

मुद्द्याचं. मी योविताला बजावलंय की गळा हाती आला तर पंचाने हात ओढून काढेपर्यंत धरायचा. तुझ्या पोरीने थाप मारली आणि पंचाला दिसली नाही, तर तिची शुद्ध जाईल. जाऊ दे. मागाहून बोंब नको, म्हणून आधी कळवतेय. तुझ्या पोरीला सांग, मारायची तर तळहाताने मारायची, सगळ्या हॉलला दिसेल अशी.

तुझं उत्तर आलं असतं तर कदाचित वेगळं शिकवलं असतं. आता उशीर झाला.

ब्रिगिडा


रुदा, १२ फेब्रुवारी

अल्डोना,

तू तिथे होतीस, तुला सगळं दिसलं. तरी लिहिते, कारण माझ्या कोपऱ्यातून काय दिसलं ते तुला माहीत नाही. आणि दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

पहिल्या फेरीत तुझ्या नेलाने आम्हाला धुऊन काढलं. पोरगी छान आहे. डावा पाय पुढे टाकताना खांदा पाडते, तो दोष तुझाच, तुलाही होता. मी योविताला मध्यंतरात एवढंच म्हणाले, श्वास घे आणि तिला खाली आण. दुसरी फेरी अर्धी झाली आणि तिने आणली. पाठ मिळवली. हात हनुवटीखाली सरकला. पंच पायांकडे होता. नेलाचे दोन्ही हात योविताच्या मनगटावर. अगदी तसंच.

आणि तिने दोन बोटं मारली.

मी पापणी न लववता पाहिलं. तर्जनी आणि मधलं, टक टक, थांबून पुन्हा टक टक. योविताला त्याचा अर्थ ठाऊक नाही, मी तिला कधी शिकवलाच नाही. पंचाला ठाऊक नाही. अख्ख्या हॉलमध्ये दोनच बायकांना ठाऊक होतं. मी मान वर केली तर जाळीपलीकडून तू माझ्याकडेच बघत होतीस.

खरं सांगू, आधी मला काय वाटलं? आनंद झाला. मिळालं उत्तर. ही खूण आकाशातून पडत नाही, कुणीतरी शिकवावी लागते. आपली खूण तू त्या पोरीला दिलीस. सरावात ती तुझ्या हातावर टेकवते आणि तू सोडतेस, रोज, आपण सोडायचो तशी. म्हणजे तुला सगळं आठवतंय. आणि लगेच राग आला. ते आपलं होतं, तू मला न विचारता वाटलंस कसं? हे सगळं एका श्वासात झालं. तेवढ्यात पोरीचे ओठ निळे पडायला लागले.

मला गप्प बसता आलं असतं. तुला पत्राने आधी कळवलंही होतं. योविता शिकवल्याप्रमाणे घट्ट धरून बसली होती, तिचं काहीच चुकत नव्हतं. अजून दोन श्वास, नेला बेशुद्ध, पट्टा आमचा, आणि तू पाहत राहिली असतीस. हेच तर मला पाहिजे होतं.

माझ्या तोंडातून निघालं, “सोड.”

मोठेपणा वगैरे काही नाही, गैरसमज नको. निघालं तोंडातून. आणि ती वेडी पोर, जी महिनाभर मी ओरडून सांगितलेलं एक ऐकत नव्हती, तिने हे एका झटक्यात ऐकलं. हात सुटला. नेला उसळली. अगं, हुबेहूब तू. वर बसली आणि ठोसे सुरू. पंच म्हणाला, चालू द्या. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. माझ्या मागे वस्ताद म्हणाले, घ्या, पुन्हा तेच. योविताने ठोसे खाता खाता माझ्याकडे बघितलं. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग तुझा टॉवेल आत पडला, कोपऱ्यातून हार कबूल करायला टाकतात तसा.

पंचाला आधी कळेचना, जिंकणाऱ्या पोरीच्या कोपऱ्यातून टॉवेल कसा येतो. त्याला वाटलं हातातून सुटला, तो उचलून तुला परत द्यायला निघाला. तेव्हा तू दाराशी आलीस. माझ्यापासून चार हातांवर होतीस, मला स्वच्छ ऐकू आलं. तू म्हणालीस, “सामना आधीच संपलाय. माझ्या पोरीने थाप मारली होती. तुम्हाला दिसली नाही, मला दिसली.”

पंचाने विचारलं, खात्री आहे? तू म्हणालीस, “मारली की सोडायचं असतं. तिने सोडलं. आता बास.”

लोकांनी हुर्यो केली, ग्लास फेकले. नेला तुझ्या छातीवर मुठी मारत होती, मी जिंकत होते, मी जिंकत होते म्हणत. तू तिला धरून उभी राहिलीस. योविताचा हात वर केला तेव्हा तिच्या नाकातून रक्त येत होतं आणि तिला काय झालंय ते कळत नव्हतं. कुणालाच कळत नव्हतं. पट्टा मी वस्तादांच्या हातात दिला, त्यांनीच तो तिच्या कमरेला बांधला.

मला वाटलं तू येशील. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी बसून होते. पोरींनी डोनट आणले होते, ते सगळ्यांनी खाल्ले. झाडूवाला दिवे मालवायला लागला. तेव्हा कळलं, गदीन्याची बस कधीच गेली.

अगं बये, आठ वर्षांपूर्वी हीच दोन वाक्यं बोलायला तुझं काय जात होतं? आणि आता बोललीस ती कुणाला, तर पंचाला. त्या पोराला, जो आपण पट्ट्यासाठी भांडलो तेव्हा शाळेत दप्तर घेऊन जात असेल. चार हातांवर मी उभी होते. जरा मान वळवली असतीस.

ब्रिगिडा


रुदा, २५ फेब्रुवारी

अल्डोना,

योविता दोन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये.

आखाड्यात येते, सराव करते, जाते. पट्टा न्हाणीघरातल्या साखळीला अडकवून ठेवलाय, घरी नेत नाही. बेकरीत गिऱ्हाईकं विचारतात, टॉवेलवाली विजेती तूच का? इंटरनेटवर लोक लिहितात की ठरवून केलेला सामना होता, दोन जुन्या मैत्रिणींनी आपसात मिटवलं. मैत्रिणी. हसूच आलं मला. तुझ्या नेलालाही ऐकून घ्यावं लागत असणार.

काल मी तिला अडवलं. म्हटलं, काय आहे ते तोंडाने बोल, शिव्या घालायच्या तर घाल. तिने हातमोजे काढले, नीट घडी केली आणि मग बोलली. “मावशी, तुम्हीच म्हणालात सोडायचं नाही. मग तुम्हीच ओरडलात सोड. मी दोन्ही ऐकलं. आता मला सांगा, मी जिंकले का?”

जिंकलीस म्हणावं, तर तिने विचारलं असतं, मग सोड का म्हणालात. त्याचं उत्तर द्यायचं तर दोन बोटं सांगायला हवीत. तुझी ती युक्ती, वस्तादांचा धाक, कातोवित्सेचा सामना, सगळं. आणि ते मी एकटीने सांगितलं की काय होतं ते मला माहीत आहे. हरलेल्या बाईची रड होते. मी आजवर कुणाला सांगितलं नाही ते त्यासाठीच. आता सांगायची वेळ आली, तर अर्धं माझ्याकडे आहे आणि अर्धं तुझ्याकडे. मला अजूनही ठाऊक नाही की त्या वेळी तुला कळलं होतं की नव्हतं. कळलं होतं असं म्हणालीस तर मी चिडेन. नव्हतं म्हणालीस तर आणखी चिडेन. त्याची तू काळजी करू नकोस, मला सवय आहे.

पण ही पोर एकोणीस वर्षांची आहे. तिला असंच सोडलं, तर माझ्या वयाला ती माझ्यासारखी होईल. कुणाला तरी पत्रं लिहीत बसेल. मला ते नको आहे. हे मी माझ्यासाठी मागत नाहीये. थोडं माझ्यासाठीही मागतेय, खोटं कशाला बोलू.

तेव्हा ये. नेलालाही आण, तिचाही प्रश्न तोच असणार, फक्त उलट बाजूने. दोघींना समोर बसवू, वस्तादांना गप्प बसायची ताकीद देऊ, आणि तू तुझं सांग, मी माझं सांगते. कुठे खोटं वाटलं तर तिथल्या तिथे भांडू, पोरींच्या देखत. टपालाने काही पाठवू नकोस.

पुढच्या रविवारी योविता बेकरीतून सुटली की थेट आखाड्यात येते, चर्चची प्रार्थना संपते त्या सुमाराला. दारावरची घंटा चालत नाही, जोरात हाक मार. स्टेशनवर मी घ्यायला येणार नाही. रस्ता तुला माहीत आहे.

ब्रिगिडा